संपर्क सत्र

भातात खडा लागला तेव्हा गुणाजीच्या दाढेतून जो आवाज निघाला तो शेजारच्या घरातही गेला असावा, कारण तिकडची भांडी क्षणभर वाजायची थांबली. मालूने हात पुढे केला. बायको गालाला हात लावणार असे वाटून गुणाजीने गालही जरासा पुढे केला. पण हात गालाच्या खाली येऊन थांबला, तीर्थाला धरावा तसा, तळवा वर. "इकडं द्या," मालू म्हणाली. त्याने तोंडातला खडा तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तो धुतला, पदराने पुसला, खिडकीतल्या उजेडाकडे धरला आणि एक डोळा बारीक केला. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू पसरत गेले. गुणाजीने ते लग्नाच्या आधी पाहिले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षात पाहिले होते, आणि पुढे ते कधी दिसेनासे झाले हे त्याच्या लक्षातसुद्धा आले नव्हते. "गारगोटी हाय," ती म्हणाली. "काय लखलखतेय." खडा तिने खिडकीत, बाकीच्या दगडांच्या ओळीत नेऊन ठेवला, आणि पाठमोरीच, आठवल्यासारखी बोलली, "दाढ बरी हाय ना?"

दाढ बरी होती. गुणाजीने उरलेला भात कालवला, पण जेवण्यात त्याचा जीव नव्हता. एखाद्या परक्या माणसाने आपल्या बायकोकडे बघितले तर काय करायचे हे जोह्यासारख्या गावात सगळ्यांना ठाऊक असते. त्यासाठी दोन-चार ठराविक वाक्ये आहेत आणि ती बोलायला लोक मदतीलाही येतात. बायकोने खड्याकडे तसे बघितले तर काय करायचे? खड्याच्या घरी जाऊन जाब विचारता येत नाही. खिडकीत ती सगळी मंडळी ओळीने बसली होती, काळी, तांबडी, हिरवट, एक दुधाच्या सायीसारखा, आणि त्यांच्यात आता हा नवा, त्याच्याच दाढेखालून गेलेला. गुणाजीला वाटले, आपण घरात पाहुणा म्हणून आलो आहोत आणि यजमान मंडळी खिडकीत बसून आपले जेवण बघत आहेत.

नजर हा त्याचा धंदाच होता. जोह्यात दाजींच्या कारखान्यात तो आखणी करायचा, म्हणजे गणपतीचे डोळे काढायचा. बाकी सगळे काम कोणीही करते. साच्यात शाडू दाबणारे वेगळे, हात-सोंड जोडणारे वेगळे, पाण्याचे फडके फिरवून अंग गुळगुळीत करणारी विमलबाई वेगळी, रंगाचा फवारा मारणारे वेगळे. पण तोपर्यंत ती माती असते. आखणीवाला बारीक ब्रश घेऊन बसतो, श्वास धरतो, आणि मातीला दिसायला लागते. डोळे काढून झाले की गुणाजी मूर्तीसमोर पाट मांडून बसायचा, हात जोडायचा आणि वर बघायचा. देवाने बरोबर त्याच्याकडे बघितले की म्हणायचा, "बसली नजर." मग ती मूर्ती मुंबईला जायला मोकळी. त्याच्या गणपतीची नजर चुकवता येत नाही, असे गिऱ्हाईक म्हणायचे. उधारी ठेवणाऱ्यांनी दुसऱ्या कारखान्यातून मूर्ती घ्यावी, असे दाजी म्हणायचे.

ही नजर त्याने कुठून आणली हे मात्र कोणाला माहीत नव्हते. मालू कारखान्यात माती मळायला आली तेव्हा तिचे वडील खाडीवर मिठागरात कामाला होते, आणि उन्हात डोळे बारीक करायची सवय तिला घरातूनच लागली होती. मातीत एक कण राहिला तर मूर्ती वाळताना तिथेच तडकते, म्हणून मळणारीने बोटांनी माती चाचपत कण शोधून काढायचे असतात. बाकीच्या बाया कण काढायच्या आणि फेकायच्या. मालू कण काढायची, नखावर घ्यायची, एक डोळा बारीक करून बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावर ते पसरायचे. गुणाजी तिच्या समोरच ब्रश धरून बसलेला असायचा. ते आपल्यासाठीच असे समजून त्याने घेतले. त्या वर्षीच्या सगळ्या गौरींचे डोळे मालूचे निघाले. नंतर सगळ्या गणपतींचेही. मग लग्न झाले, आणि ज्या डोळ्यांवरून डोळे काढायचे ते घरीच आल्यावर त्याला ते मुद्दाम बघायची गरज उरली नाही. हात शिकलेला होता. हात काढत राहिला.

मालूचे शिकण्याचे खूळ एका बत्त्यातून निघाले. रोह्याच्या पुढे कोकणात रेल्वे न्यायची म्हणून जमिनीला भोके पाडून आतला दगड तपासत होते. मालूचा भाऊ त्या कामावर होता. त्याने बहिणीला तिथला एक दगडाचा दांडा आणून दिला, काळा, गोल, गुळगुळीत, लसूण ठेचायला बरा म्हणून. मालूने त्या दांड्याने लसूण ठेचला, आणि एक दिवस ठेचता ठेचता थांबली. दांड्याच्या अंगावर पांढरे ठिपके होते, आणि ते ठिपके कशाचे हे तिला कोणी सांगेना. भाऊ म्हणाला, डाग असतील. गुणाजी म्हणाला, लसणाचे असतील. ती बारावी बाहेरून बसून पास झालेली होती, आणि पुढचेही बाहेरून होते असे तिला कुठूनसे कळले. मग पेणच्या पोस्टातून जाडजूड पुस्तकांचे पुडके आले, त्यावर छापले होते: भूशास्त्र, पदवी, दूरशिक्षण.

"काय गो मालू, भुताचं शास्त्र शिकतेस म्हनं?" विमलबाईने कारखान्यात सगळ्यांसमोर विचारले होते. "माझ्या जावेच्या अंगात येतं. तिला बघून जा एकदा."

"भुताचं नाय, भुईचं."

"भुईचं? त्याला शाळा कशाला पायजे? आमचा बैलपन पास होईल."

सगळे हसले, गुणाजीही हसला. तेव्हा तो हसू शकत होता. दूरशिक्षण हा शब्द त्याला चांगला वाटला होता. त्यात शिकवणारा दूर असतो, हे उघड होते. पण पुढच्या पुडक्यात एक वेगळा शब्द आला. दर रविवारी रोह्याला एका शाळेत संपर्क सत्र. गुणाजीने तो शब्द दोनदा वाचला. दुरून शिकवणाऱ्यांना संपर्काची काय गरज, आणि तो दर रविवारी कशाला, आणि पेण सोडून रोह्याला कशाला, हे तो विचारणार होता. पण मालू तोवर पिशवी भरून एसटीला निघाली होती. संध्याकाळी आली ती "सर म्हणतात" हे दोन शब्द घेऊन. सर म्हणतात, आपली सगळी भुई लाव्ह्याची आहे. सर म्हणतात, शाडू इथला नाही, गुजरातचा आहे. "म्हंजी आमी परक्या मातीचे देव करतो?" गुणाजीने विचारले. "देव इथलाच," मालू म्हणाली, "माती तेवढी बाहेरून बसलेली." एकदा तो दारातून आत आला तर ती दगड चाटत होती. खरोखरच चाटत होती, जिभेचे टोक लावून, डोळे मिटून. "चिकटतोय का बघते," ती म्हणाली. "चिकनमाती असली की जिभेला धरते. सरांनी दाखवलं." सरांनी दाखवले. कसे दाखवले, कोणाच्या जिभेने, दगड एकच होता की प्रत्येकाला वेगळा, यातले काहीच विचारण्यासारखे नव्हते, आणि गुणाजीला दुसरे काही सुचतही नव्हते. सगळ्यात वाईट म्हणजे तो "आहे". रविवारी परत आल्यावर तासभर ती "हाय" न म्हणता "आहे" म्हणायची. पाणी गरम आहे. डबा पिशवीत आहे. मग हळूहळू तो शब्द उतरायचा आणि "हाय" वर यायचे. त्या तासात गुणाजीला वाटायचे, रोह्यातले कोणीतरी अजून हिच्या तोंडात बसले आहे.

त्या उन्हाळ्यात नजर बसेना. आधी त्याला वाटले, ब्रश झडला. ब्रश बदलला. मग वाटले, उजेड डावीकडून येतो. जागा बदलली. पाट मांडून, हात जोडून वर बघावे तर देव बघतोय, पण त्याच्याकडे नाही. त्याच्या कानाला चाटून पलीकडे. बुबुळ दोरादोराने कडेला सरकलेले असायचे. पुसून पुन्हा काढले तर पुन्हा सरकायचे. अशा मूर्ती फळीवर ओळीने वाळत ठेवल्या तेव्हा काय झाले ते सगळ्या कारखान्याने बघितले. ओळीतला प्रत्येक गणपती शेजारच्याच्या मोदकावर डोळा ठेवून होता. शेवटच्याला शेजारी नव्हता. तो दारातून बाहेर, एसटीच्या रस्त्याकडे बघत होता.

दाजी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "गुणा, ह्यो कुठं बघतो रे?"

"समोर."

"समोर मी हाय. मला तर वाटतं, माझ्या मागं कोनतरी हाय." त्यांनी खरोखरच मागे वळून बघितले. "लोकं आरतीला हुभी राहनार, आनि ह्यो शेजारनीकडं काय शिजलंय ते बघनार. गिऱ्हाईक काय म्हनंल?"

"करतो सरळ."

"कर. सोमवारपर्यंत झाला तर झाला, नायतर हमरापूरच्या पोराला बोलावतो आखणीला. हात थरथरतो त्याचा, पन देव तरी बापडा समोर बघतो." जाता जाता ते थांबले. "घरी काय हाय का?"

"काय नाय," गुणाजी म्हणाला. फळीच्या दुसऱ्या टोकाला विमलबाई फडके पिळत होती. ती काही बोलली नाही. विमलबाई काही बोलत नाही म्हणजे गावात बोलून झालेले असते.

आखणी गेली तर गुणाजीला माती मळावी लागली असती. आणि माती मळायला बसून, जिथे मालू बसायची तिथे, हमरापूरच्या पोराच्या ब्रशाकडे बघत राहावे लागले असते. म्हणून रविवारी मालू गेल्यावर, पनवेलला रंग आणायला जातो असे आधीच सांगून ठेवलेला गुणाजी पनवेलच्या उलट दिशेच्या एसटीत बसला. नागोठणे मागे पडले तसे त्याने प्रसंग मनात मांडून बघितला. तो शाळेत शिरतो. सर दचकतात. मालू उभी राहते. तो म्हणतो... इथे दर वेळी गाडी खड्ड्यातून जायची आणि वाक्य राहून जायचे. शाळेत शिपाई म्हणाला, आज वर्ग नदीवर आहे. नदीवर. गुणाजीने पूल ओलांडला, पलीकडच्या अष्टमी गावाच्या बाजूने खाली उतरला आणि पुलाच्या खांबामागे उभा राहिला. कुंडलिकेच्या काठचा कातळ उन्हात उघडा पडला होता, आणि त्यावर तीन-चार माणसे ओणवी होऊन, काहीतरी हरवल्यासारखी फिरत होती. सर लगेच ओळखू आले. तिशीचे, उंच, डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीला भिंग, हातात हातोडी. आणि हसले तेव्हा दिसले, दात पांढरे, एकसारखे, कधी खडा न लागलेले. सरांचे असे वर्णन त्याने मनात करून ठेवलेले होते, ते टोपीपर्यंत बरोबर निघाले. त्यात त्याला विचित्र समाधान वाटले. पण सरांकडे मालू बघत नव्हती. सर बोलत होते, मास्तरासारखा दिसणारा एक म्हातारा मान डोलवत होता, कंपनीच्या ओळखपत्राची दोरी गळ्यात असलेली एक बाई लिहून घेत होती, आणि मालू गुडघ्यावर बसून कातळाला डोळा लावून होती. सर तिच्या मागून गेले, पुढून गेले. तिच्यावर त्यांची सावली पडली तेव्हा तिने हाताने, डास हाकलावा तशी, सावली हाकलली. गुणाजीला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला एक जुनी गोष्ट नव्याने दिसली: कारखान्यात ती नखावर कण घेऊन बघायची तेव्हा ती कणाकडेच बघायची. तो समोर होता इतकेच. इतकी वर्षे तो देवाच्या तोंडावर जी नजर काढत आला ती त्याला कोणी दिलेलीच नव्हती. कणाची होती, त्याने मधल्या मध्ये घेतली होती.

"अहो, इकडे या की. खांबामागे काय आहे? सगळा कातळ इकडे आहे." सरांनी त्याला बघितले होते. ते दगडांवरून उड्या मारत आले. "जगन म्हात्रे ना? वर्षभर यादीत नाव आहे आणि माणूस नाही. आज तुम्ही आला नसतात तर सत्र रद्द धरलं असतं वरच्यांनी, चौघं लागतात असा नवा नियम आहे. बरं झालं. जगनच ना?"

मालूने मान वर केली. तिने गुणाजीला बघितले, पायातल्या वहाणांपासून हातातल्या रंगाच्या रिकाम्या पिशवीपर्यंत. तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही. तो नाही म्हणाला असता तर तो कोण हे सांगावे लागले असते, आणि तो कशाला आला तेही. आणि चौघांचे तिघे झाले असते.

"व्हय," गुणाजी म्हणाला. "जगन."

"मालतीताई, तुम्ही यांना घ्या. सुरुवातीपासून दाखवा."

"या जगनराव," मालू म्हणाली. "बसा इथे. नाय — नाही, असे, उन्हाकडे पाठ करून."

तो बसला. एवढ्या वर्षांत त्याने बायकोला कधी अहो-जाहो केले नव्हते. ताई म्हणणे तर जिभेला जमेना. "म्याडम," तो म्हणाला, "काय बघायचं असतं?"

"आधी भिंग डोळ्याला चिकटवायचं. डोळ्याला. हं. आता दगड जवळ आणा. आणखी. दिसेपर्यंत आणायचा." तिने त्याचे मनगट धरून दगड जवळ आणला. घरी ती त्याचा हात धरते ती फक्त घागर उचलून देताना. "काळा दिसतो तो लाव्हा आहे. थंड होताना आत वायू अडकला. त्याच्या पोकळ्या राहिल्या. मग पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्या भरल्या. ते पांढरं."

"किती दिवस लागले?"

"दिवस नाही म्हणत त्याला." ती हसली, हळूच, समोरच्याला लाज वाटू नये अशी. घरी त्याने चूक केली तर ती अशी हसत नसे. घरी ती चूक सरळ करून पुढे जायची. "कोणाला घाई नव्हती, एवढंच आपण म्हणायचं."

"पोकळी होती म्हनून भरली."

"बरोबर. अगदी भरीव असता तर काहीच शिरलं नसतं आत."

मग त्याला दिसले. पांढऱ्या ठिपक्याच्या पोटात रेषा होत्या. एका बिंदूतून निघून पंख्यासारख्या पसरलेल्या, सुईसारख्या, एकीला दुसरी कुठे टेकली नव्हती, एकही जाड नव्हती, एकही थरथरली नव्हती. जोह्यातला पहिल्या नंबरचा आखणीवाला गुणाजी श्वास धरून बघत राहिला. ब्रश कुठला होता, रंग कसा पातळ केला होता, आणि कोणी बघणार नाही अशा ठिकाणी, दगडाच्या पोटात, इतके नेटके काम कशाला केले होते? त्याला त्या कारागिराचा मत्सर वाटला. सरांबद्दल वाटला होता त्याहून जास्त, आणि जरा बऱ्या प्रतीचा. "आयला," तो म्हणाला. भिंग खाली घेऊन त्याने वर बघितले.

मालू दगडाकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. एक डोळा बारीक, ओठ किंचित उघडे, याला दिसले की नाही याची वाट बघत. आणि दिसले हे कळल्यावर ते तिच्या चेहऱ्यावर पसरत गेले, पूर्ण, सरळ, त्याच्या अंगावर. कडेला नाही. कानाला चाटून नाही. गुणाजी आनंदला, आणि तो आनंद पुरता वर यायच्या आतच त्याच्या ध्यानात आले की तो इथे नाही. तो पनवेलला रंग आणायला गेला आहे. हे सगळे जगन म्हात्रेला मिळाले आहे.

"मालतीताई, शिकवायचा हात आहे तुम्हाला," लांबून सर म्हणाले.

"जगनराव बघतात चांगले," मालू म्हणाली.

एसटीत ती पुढे बसली आणि तो मागे, कारण सर स्टँडपर्यंत सोडायला आले होते आणि जगनराव राहायला कुठे हे अजून ठरले नव्हते. पेणपर्यंत तो तिच्या अंबाड्याकडे बघत होता. हिला हा माणूस कोण हे माहीत होते, तो स्वतःला समजावत होता; माहीत असूनच तिने तसे बघितले. मग त्याचे दुसरे मन म्हणायचे, माहीत असून घरी का नाही बघत? घरी तिने ताट वाढले. "मिळाले रंग?" तिने विचारले. दुकान बंद होते, तो म्हणाला. "रविवार ना," ती म्हणाली, आणि भात वाढला. त्याने प्रत्येक घास जपून चावला. खडा नव्हता. त्याला जरा वाईटच वाटले.

सोमवारी त्याने फळीवरच्या सगळ्या मूर्तींचे डोळे पुसून पुन्हा काढले. दाजींनी पाट मांडला, हात जोडले आणि ते वर बघत राहिले.

"बसली का?" गुणाजीने विचारले.

"बसली. पन जरा..." दाजींनी टोपी सारखी केली. "आपल्याला आता काय ते समजनार, अशी वाट बघतोय रे ह्यो. मला समजलं नाय तर?"

"पुसू?"

"नको. राहू दे. गिऱ्हाईक अभ्यासाला लागंल." हमरापूरच्या पोराचे नाव पुन्हा निघाले नाही. विमलबाईने पिळलेले फडके झटकले. "बाहेरून बसलास काय रे तूपन?" ती म्हणाली. गुणाजीने ब्रश धुवायला घेतला.

शनिवारी संध्याकाळी तो पांढरा सदरा शोधत होता. तो धुऊन, निळीतून काढून, घडी करून खुंटीखाली ठेवलेला होता. मालू त्या काळ्या दांड्याने लसूण ठेचत होती.

"ह्यो कोनासाठी काढलास?"

"जगनरावांना लागंल उद्या. चौघं पायजेत ना."

"माझा सदरा हाय तो."

"मग सांगा त्यांना, जपून वापरा म्हनून."

गुणाजी सदरा हातात घेऊन उभा राहिला. खिडकीतली मंडळी त्याच्याकडे बघत होती, त्याचा गारगोटीचा खडा त्यांच्यात मधोमध. विचारायचे नाही असे त्याने ठरवले होते, आणि तो विचारणार आहे हे दोघांनाही माहीत होते.

"हुशार हाय का गो तो?"

मालूचा हात थांबला. तिने दांडा उजेडाकडे धरला, एक डोळा बारीक केला, आणि त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत जरा विचार केला.

"आहे," ती म्हणाली.

आठवडाभर बरी असलेली गुणाजीची दाढ त्या क्षणी ठणकायला लागली.